खाली कोण हाय?

आमच्या गावात बायका भर उन्हात उभ्या राहायच्या, पण जिनाच्या सावलीत जायच्या नाहीत. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मोठ्या दुष्काळात, लग्न होऊन नुकतीच आले होते तेव्हा. जीन म्हणजे निजामाच्या काळातला कापसाचा कारखाना. कापसातली सरकी काढायची, रुई दाबायची आणि गाठी बांधून स्टेशनाला पाठवायच्या. तो बंद पडून वर्षं लोटली होती. दुष्काळात त्याच्या पटांगणात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि पोरांसाठी सुकडी वाटायचे. भिंतीला पत्र्याची लांबलचक पडवी होती, खाली थंडगार सावली. रांग मात्र पडवी सोडून उन्हात. कडेवरची पोरं कोमेजून मान टाकायची, तरी कुणी दोन पावलं आत सरकत नव्हतं.

मी बेंबळीची, मॅट्रिक झालेली, आणि जिभेला हाड नसलेली. मोठ्यानं म्हटलं, "सावलीत का उभ्या राहत नाही? ऊनसुद्धा सरकारनं वाटायला आणलंय का?"

कुणी हसलं नाही. पुढची म्हातारी मागं न बघता म्हणाली, "जा बाई, तुला जायाचं तर. आतून कुनी हाक मारली तर व्हय म्हनू नकु, एवढं ध्यानात ठिव."

मग काय, मी गेलेच. मला कुणी नको म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. पडवीत पाऊल टाकलं आणि पाठीवरचा घाम एकदम गार झाला. दार अर्धवट उघडं होतं. आतून जुन्या तेलाचा आणि सरकीचा खवट वास येत होता. रांगेतली कुजबुज थांबली होती. तेवढ्यात आत कुणीतरी फळीवर तळवा मारावा तसा आवाज झाला. थप्प. एकदाच. मी थोडा वेळ उभी राहिले, मग परत उन्हात आले. घाबरली असं कुणी म्हणू नये म्हणून मुद्दाम सावकाश चालले.

घरी काकी मिलोची भाकरी थापत होत्या. काकी म्हणजे माझ्या मालकांच्या चुलती. मालकांची आई लहानपणीच गेली, काकींनीच त्यांना वाढवलं, त्यामुळं माझ्या सासूबाई म्हणजे काकीच. मी झालेलं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "हाक ऐकू आली का?"

"नाही. नुसतं थप्प."

"मंग ते न्हवते," काकी म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

काकींच्या कपाळावर मेणावर लावलेलं रुपयाएवढं कुंकू असायचं. हातात हिरवा चुडा. वटपौर्णिमेला त्या वडाला जायच्या, पण सगळ्या बायका परतल्यावर, एकट्या. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही, आणि विधवांच्या पंगतीतही बसवायचं नाही. कुठल्या रांगेत धरायचं हेच गावाला ठरवता आलं नव्हतं. कारण काकींचे यजमान एका दुपारी जिनात कामाला गेले आणि परत आले नाहीत. रझाकारांच्या आधीची गोष्ट. तेव्हा काकी नवी नवरी होत्या, त्याच दिवशी माहेराहून परत यायच्या होत्या. त्या आल्या, चूल पेटवली, स्वयंपाक केला आणि वाट बघत बसल्या.

गावानं लगेच निकाल लावून टाकला. नवरी पसंत नव्हती म्हणून पळाला. एकानं त्यांना सोलापुरात गिरणीच्या दारात पाहिलं, दुसऱ्यानं मुंबईत. एकाला तर त्यांच्यासोबत दुसरी बाईसुद्धा दिसली. लोकांच्या डोळ्यांना असं बरंच काही दिसतं. बारा वर्षं झाल्यावर वडीलधारे घरी आले आणि म्हणाले, क्रिया करून टाका. तेव्हा काकी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ज्यानं मेलेला बघितला त्यानं फुडं यावं. न्हायतर माझ्या कुंकवाला हात लावू नका." कुणी पुढं आलं नाही. पसंत नसलेली बायको म्हणूनच त्या जगल्या. नळावर, जात्यावर, बाजारात, सगळीकडं हे त्यांच्या पाठीमागं बोललं जायचं. मला ते ऐकून संताप यायचा. पण त्यांनी मला कधी भांडू दिलं नाही.

या घरी फक्त एक माणूस न चुकता यायचा. काकींच्या यजमानांचे जोडीदार, दोघं जिनात बरोबरीनं काम करणारे. काकी त्यांना भावजी म्हणायच्या. पुढं ते सोसायटीचे चेअरमन झाले आणि सगळं गाव त्यांना चेअरमनच म्हणायला लागलं, म्हणून मीही तेच म्हणते. दर सुगीला ज्वारीचं पोतं बैलगाडीतून आणायचे. ओट्यावर ठेवायचे. चहा घ्या म्हटलं तर उभ्यानंच घ्यायचे. काकींशी बोलताना नजर त्यांच्या पायांकडं. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, मर्यादा पाळतोय.

दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर मुकादम होते, आणि लोक त्यांना शिव्या द्यायचे. कुणी तापानं घरी राहिलं तर दुसरा त्याच्या नावाला "हाय" म्हणायचा, हे सगळ्याच कामांवर चालायचं. अडीनडीला माणसानं माणसाला धरून राहायचं, त्यात पाप ते काय? पण चेअरमन ते चालू द्यायचे नाहीत. नाव पुकारलं की "हाय" म्हणणाऱ्याजवळ चालत जायचे, तोंड बघायचे, डोक्यावर हात ठेवायचे, मगच पुढचं नाव. उन्हात शेकडो माणसं ताटकळायची. जो नसेल त्याच्या घरी संध्याकाळी स्वतः जाऊन तो आहे का ते बघायचे. लोक म्हणायचे, दगडाला पाझर फुटंल पण ह्याला न्हाय. मीही म्हटलं होतं.

पाऊसपाणी सुरळीत झालं आणि सोसायटीनं जिनाची जागा घेतली. एका बाजूला खताचं गोदाम करायचं हे ठरलेलं होतं. उरलेल्या मोठ्या दालनाचं गावासाठी सभागृह करावं, तिथं बालवाडी बसवावी, आणि जिनात जी माणसं गेली त्यांच्या नावाचा दगड उभा करावा, ही चेअरमनांची मागणी. जिनात रुईला एकदा आग लागली होती, त्यात तीन-चार जण गेले होते. कुणी इंजिनाच्या पट्ट्यात सापडून गेलं. कुणाच्याच नावानं गावात दिवा लागत नव्हता. मी तेव्हा बालवाडी चालवत होते ती एका गोठ्यात, शेजारी रवंथ करणारी म्हैस. म्हणून या बेताला मी सगळ्यात आधी हात वर केला.

साफसफाईला माणसं मिळेनात. शेवटी बौद्ध वस्तीतली पोरं पुढं आली. त्यांच्यातल्या एकाचा आजा आगीत गेला होता. हा नातू एस.टी.त कंडक्टर होता, रजा काढून आला. म्हणाला, "भुतं असली तर तिकीट काढायला लावतो." त्याच्यामागून मग गावातलेही आले. मी आणि काही बायका झाडू घेऊन गेलो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे आवाजच होत नव्हता. वाशांना, खिळ्यांना, पट्ट्यांच्या चाकांना जुनी रुई काळी होऊन लोंबत होती. वारा अजिबात नव्हता, तरी ती हळूहळू हलत होती. मी कुणाला तरी हाक मारली तर शब्द तोंडासमोरच बुडाला. पलीकडच्या बाईला माझे ओठ दिसत होते, ऐकू येत नव्हतं. कंडक्टर एवढा खड्या आवाजाचा, त्यालाही घसा ताणावा लागत होता.

दालनाच्या मधोमध दाब होता, म्हणजे रुईची गाठ दाबायचं यंत्र. जमिनीत खोल गेलेली लाकडी पेटी, वर माळा, बाजूला शिडी. चेअरमन पहिल्यांदाच आत आले आणि त्यांनी आम्हांला सांगितलं की इथं कसं काम चालायचं. माळ्यावरून पेटीत रुई टाकत राहायची आणि माणसांनी पेटीत उतरून ती अनवाणी पायांनी तुडवायची. त्या माणसांना तुडवे म्हणायचे. रुई वर येईल तसे तुडवे वर यायचे. पेटी भरली की बाहेर निघायचं आणि निघताना फळीवर थाप मारायची. दाब सोडायच्या आधी मुकादम विचारायचा, "खाली कोण हाय?" मग एकेकाचं नाव घ्यायचा. ज्यानं त्यानं म्हणायचं, "वर हाय." सगळे वर आले की इंजिन.

"आणि कुणी खाली असला तर?" मी विचारलं.

"तर त्यानं म्हनायचं, खाली हाय," चेअरमन म्हणाले. "रुईत आवाज येत न्हाय पोरी. म्हनून तर नावं घ्यायची." एवढं बोलून ते बाहेर निघून गेले.

त्याच दिवशी शिडीमागच्या भिंतीत कंडक्टरला एक कोनाडा सापडला, पुढून विटा लावून बुजवलेला. आत वहाणांचा जोड होता. वाकड्या नाकाच्या जाड वहाणा, चामडं वाळून लाकूड झालेलं. पण एकमेकींवर नीट ठेवलेल्या. तुडवे पेटीत उतरताना वहाणा शिडीपाशी काढायचे हे आम्ही नुकतंच ऐकलं होतं. त्या कुणी भिंतीत कशाला चिणाव्यात? कंडक्टरनं त्या बाहेर नेऊन चेअरमनांना दाखवल्या. मी दारातून बघत होते. चेअरमननी त्या घेतल्या, धोतराच्या सोग्यात झाकल्या आणि म्हणाले, "असतील कुनाच्या तरी." माझ्या मागं, रिकाम्या दालनात, थप्प असा आवाज झाला. कंडक्टर म्हणाला, पत्रा असेल. असेलही.

दगडावरून मात्र गावात चांगलीच जुंपली. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. वस्तीतल्या लोकांनी बजावलं की माणसाचं आणि बापाचं नाव लिहा, जात लिहायची नाही. ते मान्य झालं. मग चेअरमननी काकींच्या यजमानांचं नाव काढलं. तेही दगडावर पाहिजे म्हणाले. बैठकीतून लगेच सवाल आला. पळून गेलेल्या माणसाचं नाव मेलेल्यांत कसं?

मला ते पटलं होतं, म्हणून मीच चेअरमनांना घरी घेऊन आले. नसती उठाठेव केली. काकींनी ऐकून घेतलं आणि उठून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "भावजी, तुमी मला रंडकी करायला आलाव? दगडावर नाव आलं की माझं कपाळ रिकामं. तुमी बघितलंय का त्येंला मेलेलं? सांगा की. बघितलंय?"

चेअरमन पायांकडं बघत राहिले. मग तसेच निघून गेले. शेवटी ठरलं ते असं: दगडाच्या तळाला एक ओळ कोरी सोडायची.

उद्घाटनाला काय करायचं याची चर्चा निघाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, जिनात घेत होते तशी हजेरी घेऊ. मी एकेक नाव पुकारतो, त्या घरच्यानं उठून "हाय" म्हणायचं. सगळ्यांना ते आवडलं. एकटे चेअरमन नको म्हणत होते. "फुलं वाहा, नारळ फोडा. हजेरी नगं." कारण सांगेनात. बैठकीनं हजेरीच धरली. मी घरी येऊन हे सांगितलं, तर काकी म्हणाल्या, "मंग ह्येंचंबी नाव घ्यायला सांग."

"दगडावर नको आणि हजेरीत चालतं?"

"दगडावर मेलेल्याचं नाव घालत्यात. हाक जित्या माणसालाच मारत्यात. पर माझ्या घरातल्या कुनी त्येंच्या वतीनं व्हय म्हनायचं न्हाय. आले तर तेच म्हनतील."

त्या जिनात येणार म्हटल्यावर मला धडकीच भरली. इतकी वर्षं त्या जिनाकडं पाठ करून बसत आल्या होत्या.

उद्घाटन दुपारचं होतं. चुना लावून भिंती पांढऱ्या केल्या होत्या. लोंबती रुई काढली होती. पेटीवर फळ्या ठोकून चौथरा केला होता आणि त्यावर दगड उभा होता. वस्ती आणि गाव एकाच सतरंजीवर बसलं होतं. काकी पुढंच बसल्या, नव्या लुगड्यात, ताजं कुंकू लावून. चेअरमन मागं दाराजवळ उभे.

कंडक्टरनं पहिलं नाव पुकारलं. मागून एका म्हाताऱ्या लेकानं म्हटलं, "हाय." दुसरं नाव. "हाय." नातवाचा आवाज. आता रुई नव्हती, आवाज चांगला घुमत होता, तरी प्रत्येक "हाय"नंतर दालन जरा जास्तच शांत व्हायचं. कंडक्टरनं आपल्या आजाचं नाव घेतलं आणि स्वतःच "हाय" म्हणाला.

मग त्यानं काकींच्या यजमानांचं नाव घेतलं.

कुणी हललं नाही. काकींनी मान वर केली होती, डोळे दारावर. खरंच कुणी येणार असल्यागत. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी काकींकडं. त्यानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. चौथऱ्याच्या फळ्यांखालून थप्प असा आवाज झाला. या वेळी तो एकट्या माझ्या कानांचा भास नव्हता. पुढं बसलेल्या बायका मागं सरकल्या.

तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि दारातून आवाज आला, "खाली हाय."

चेअरमन होते. पण तो त्यांचा रोजचा आवाज नव्हता, तरण्या माणसानं ओरडावं तसा होता. "थांबा. दाब सोडू नका. त्यो खाली हाय!"

माणसांतून वाट काढत ते पुढं आले आणि चौथऱ्यापाशी मटकन बसले. मग सांगितलं. काकींकडं बघून, पहिल्यांदाच कपाळाकडं बघून.

"त्यो सकाळपून म्हनत हुता, आज लवकर जायाचंय, घरची येनार हाय. दुपारी दिसंना. मला वाटलं, गेला निसटून. खाडा पडू नये म्हनून मुकादमानं नाव घेतल्यावर म्याच म्हनलो, वर हाय. त्येचा आवाज काढून. मुकादमानं दाब सोडला. गाठीला ओल दिसलती. तेल असंल म्हनलो, वरून दुसरं बारदान शिवलं. सांजच्याला घरी निघालो तर शिडीपाशी त्येच्या वहाना. गाड्या तवर स्टेशनाला गेलत्या. भ्यालो, वहाना म्याच कोनाड्यात चिनून टाकल्या. रातपाळ्या करून दमलेला गडी, रुईत बसला असंल, डोळा लागला असंल. म्या व्हय म्हनलो न्हसतो तर मुकादम वाकून बघनार हुता."

त्यांनी सोग्यातून वहाणा काढल्या आणि काकींसमोर ठेवल्या.

मला वाटलं आता काकी किंचाळतील, त्यांच्या अंगावर धावून जातील. मी त्यांचा दंड धरला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "लवकर जायाचंय म्हनत हुते?"

"व्हय वैनी."

"माझ्याकडं?"

"व्हय."

काकी सगळ्या बायकांकडं वळल्या. नळावरच्या, जात्यावरच्या, बाजारातल्या. "ऐकलंव का? ते मला टाकून गेले न्हवते." पुन्हा म्हणाल्या, "टाकून गेले न्हवते." मग मोठ्यानं रडल्या. तीस-पस्तीस वर्षांचं रडं होतं ते. मीही रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रडून झाल्यावर त्या चौथऱ्यावर गेल्या. कपाळावरचं कुंकू त्यांनी आपल्या हातानं पुसलं आणि तोच अंगठा दगडाच्या कोऱ्या ओळीवर दाबला. मग वाकून, फळ्यांना तोंड लावून म्हणाल्या, "वर या आता." त्यानंतर त्या दालनात थाप कुणाला ऐकू आली नाही. मी तिथं किती वर्षं बसले, मला तरी नाही.

चेअरमनांना काकींनी माफ केलं नाही. पुढच्या सुगीला त्यांनी पोतं आणून ओट्यावर ठेवलं, ते तसंच पडून राहिलं. चिमण्यांनी शिवण उसवली, मुंग्यांनी रांग लावली. मी एकदा म्हटलं, "काकी, म्हातारा माणूस आहे, चूक तर मायेनंच झाली." त्या म्हणाल्या, "चुकीचं न्हाय गं. तवाच सांगितलं असतं तर म्या एवढी वर्सं नकोशी म्हनून जगले न्हसते." मी केरसुणी घेतली आणि ओट्यावर सांडलेली ज्वारी पोत्याकडं लोटली.

बालवाडी तिथंच भरायला लागली. काकी रोज यायच्या, पांढऱ्या कपाळानं, आणि दगडाला टेकून बसायच्या. मी हजेरी घ्यायचे. एखादं न आलेलं पोर असलं की शेजारचं त्याच्या नावाला "हाय" म्हणायचं, पोरं ती, त्यांना काय कळतं. मी खडू ठेवायचे, उठून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जायचे, आणि जे नसेल त्याच्या घरी शाळा सुटल्यावर जाऊन यायचे.

परत येईपर्यंत काकी दगडापाशीच बसलेल्या असायच्या. विचारायच्या, "सगळी वर हायत का गं?"

"हायत, काकी."

मग त्या माझा हात धरून उठायच्या आणि आम्ही घरी जायचो.